गाडी ठरवताना आधी विचारा, 'यात काय काय धरलंय?'

एका शहरातून दुसऱ्या शहरात जायला खासगी गाडी बुक करताना सगळे थेट भाडं विचारतात. त्याआधी विचारा, या रकमेत काय काय धरलंय? टोल, पार्किंग, रात्रीचा जादा आकार आणि एकेरी प्रवासात गाडी रिकामी परत नेण्याचा खर्च, हे चौघे नंतर हळूच बिलात शिरतात. फोनवरच्या 'हो हो, सगळं आलं त्यात'वर थांबू नका, मेसेजमध्ये लेखी घ्या. वाटेत कुठे तासभर थांबायचं असेल तर तेही त्यातच लिहा.

सामान मात्र नीट मोजा. 'चार सीटर' म्हणजे चार माणसं. चार मोठ्या बॅगा नव्हेत. साध्या सेडानच्या डिकीत मोठ्या दोन बॅगा बसल्या की जागा जवळपास संपते. त्यात गाडी गॅसवर चालणारी असेल तर सिलिंडरच अर्धी डिकी अडवून बसलेला असतो. मग एक बॅग मांडीवर घेऊन पाच तास. केलंय मी ते, गुडघे अजून आठवण काढतात. लहान मूल असेल तर चाइल्ड सीटही बुकिंगच्या वेळीच मागा.

विमानतळावरून निघणार असाल तर फ्लाइट नंबर द्या. गाडीची मोफत थांबण्याची वेळ विमान उतरल्यापासून मोजणार की बुकिंगमध्ये दिलेल्या वेळेपासून, हे विचारून ठेवा. बसण्याआधी नंबरप्लेट मेसेजशी ताडून बघा, आणि आपलं नाव ड्रायव्हरला सांगू नका, 'कोणासाठी आलात?' असं त्यालाच विचारा.