बंडीच्या फळीवरचे आबाजी : टाकाऊ वस्तूंवर माणसं रंगवू पाहणाऱ्यांसाठी

आमच्या भागात माणसाचं चित्र काढून घ्यायची वेळ बहुधा तो माणूस गेल्यावरच येते. तेरवीला तीन दिवस उरले की घरचं कुणीतरी दारात उभं राहतं. हातात आधार कार्डाची झेरॉक्स असते, नाहीतर लग्नाच्या गर्दीतून कापून घेतलेला नखाएवढा चेहरा. "भाऊ, एवढं मोठं करून द्या." दोन-अडीच वर्षं मी तेच काम केलं. चेहरा जुळायचा, घरचे समाधानाने न्यायचे. पण ज्याला आपण कधी पाहिलं नाही त्याच्या डोळ्यांत काय भरायचं, हे मला कळत नसे.

मग शेजारच्या आबाजींची बैलबंडी मोडायला काढली. टायरची बंडी घरी आली होती, म्हणून जुनीच्या फळ्या चुलीसाठी गोठ्याला टेकवून ठेवल्या होत्या. त्यातली एक मी उचलली. आबाजी कडुलिंबाखाली बसले होते.

"कायले पाहिजे बे ते फळकूट तुले?"

"तुमचं चित्र काढतो याच्यावर, आबाजी."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग उठले, ढिगातून दुसरीच फळी ओढून काढली आणि म्हणाले, "थे नको. हे घे. याच्यावर मी बसत होतो."

नऊ इंच रुंद, अडीच फूट लांब, वरच्या कोपऱ्यात बोल्टाचं भोक, आणि मधला भाग वर्षानुवर्षं घासून काचेसारखा गुळगुळीत झालेला. पुढचं सगळं काम मी त्या फळीवर शिकलो. नव्या कॅनव्हासवर आपण चित्राची सुरुवात करतो. जुन्या लाकडावर ती आपल्याआधीच झालेली असते, आणि ती ओळखून पुढे जायचं असतं.

नव्याने सुरू करणारे मला पहिल्यांदा विचारतात, की माल कुठे मिळतो. खेड्यात माल शोधावा लागत नाही, फक्त चुलीत जायच्या आधी पोचावं लागतं. पडकं घर उतरवायला काढलं की दारांच्या फळ्या, खिडकीच्या झडपा, माळवदाचे पाट निघतात. कबाड्याकडे तेलाचे डबे, पेट्यांची झाकणं, शाळेतले मोडके बाक येतात. आरा मशीनवर कडेचे तुकडे मिळतात. मी कबाड्याशी एवढंच ठरवलं आहे, की लाकूड आलं तर फोडायच्या आधी मला फोन करायचा. तो जळणाच्या भावात देतो. एक गोष्ट मात्र पाळा. सागवानाच्या वाहतुकीला वनखात्याचे नियम आहेत, म्हणून जुन्या घराचं सागवान घेताना घरमालकाकडून साध्या कागदावर का होईना, कुठलं लाकूड, किती, कधी घेतलं हे सही करून घ्या.

काय घ्यायचं नाही हे जास्त महत्त्वाचं आहे. फवारणीच्या औषधाचा डबा, पिंप, त्यांची झाकणं आणि ज्या पेटीत ते औषध आलं ती पेटीसुद्धा हाताळू नका. धुऊन विष जात नाही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, आणि आपल्याकडे अजूनही त्या डब्यांतून पाणी भरलं जातं. कितीही सुंदर गंज चढलेला असला तरी तो डबा चित्रासाठी नाही.

दुसरा धोका दिसत नाही. जुन्या दारांवरच्या हिरव्या, पिवळ्या, लाल तैलरंगात शिसं असू शकतं. घरगुती रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांची, मर्यादा देशात 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधीचा रंग म्हणजे शिशाचाच, असं धरून चालावं. असं दार कोरडं घासू नका, त्याची धूळ फुफ्फुसात जाते. पाणी मारून ओल्या पॉलिशपेपरने घासा, तोंडाला चांगला मास्क लावा, मुलांना जवळ येऊ देऊ नका, आणि तो चिखल ओल्या फडक्याने गोळा करून पिशवीत बांधा. जमिनीत मिसळू देऊ नका. खरं तर जुना रंग घट्ट बसलेला असेल तर मी तो काढतच नाही. त्याच्यावर प्रायमरचा हात देतो आणि एखाद्या कडेला तो रंग दिसू देतो.

आता लाकूड. फळी हातात आली की आधी बोटाने वाजवून बघा. ठणठणीत वाजली तर चांगली. दबका आवाज आला, किंवा बारीक भोकांतून पिठासारखा भुसा गळला, तर आत किडा जिवंत आहे. ती फळी घरात आणू नका, बाकीचं लाकूडही जाईल. खिळे पकडीने सरळ ओढा, तिरके काढले की लाकूड फाटतं. मग धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने घासून काढा, कारण बंडीच्या लाकडात वंगण मुरलेलं असतं आणि वंगणावर कुठलाच रंग टिकत नाही. धुतल्यावर फळी सावलीत, दोन विटांवर, वारा खालून-वरून लागेल अशी किमान तीन आठवडे ठेवा. उन्हात वाळवायचा मोह होतो. आमच्याकडचं ऊन फळीला एका दिवसात वाकवतं.

वाळल्यावर 120 नंबरचा पॉलिशपेपर, मग 220. गाठी असतील तिथे लाखेचा हात द्यावा, नाहीतर गाठीतला चीक काही महिन्यांनी रंगातून पिवळा होऊन वर येतो. ही लाख म्हणजे सुतार पॉलिशला वापरतात तीच. आपल्या पळसावर आणि कुसुमावर जो किडा लाख करतो, तिचेच हे पापुद्रे. ते स्पिरिटमध्ये विरघळले की बाटली दोन-तीन दिवस हलवू नका. लाखेत मेण असतं, ते खाली बसतं. वरचं स्वच्छ द्रावण हळूच ओतून घ्या. मेणासकट लावलं तर वरचा पाण्यात मिसळणारा रंग धड धरत नाही. ही गोष्ट मला एका म्हाताऱ्या सुतारकाकांनी सांगितली आणि तिने माझी अनेक चित्रं वाचवली.

अस्तर घरीच करता येतं. एक वाटी फेव्हिकॉल, एक वाटी पाणी, आणि हार्डवेअरच्या दुकानात लांबीसाठी, म्हणजे भेगा बुजवायच्या लगद्यासाठी, मिळते ती व्हायटिंगची पांढरी पूड, घट्ट ताकासारखं होईपर्यंत. वस्त्रगाळ करून घ्या. चार पातळ हात द्या, एक उभा, दुसरा आडवा, आणि दोन हातांमध्ये पूर्ण वाळू द्या. जाड एकच हात देऊन वेळ वाचत नाही, भेगा पडतात. हे अस्तर ठिसूळ असतं, म्हणून फक्त लाकडासारख्या कडक गोष्टीवर वापरा. कापडावर लावलं तर गुंडाळताच तडकेल. आणि फळीच्या मागच्या बाजूलाही दोन हात द्याच. एकच बाजू बंद केली की दुसरी श्रावणातली ओल पिते आणि फळी परातीसारखी वाकते.

लाकूड आडव्या अंगाने फुगतं आणि आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. मागे आधाराची पट्टी ठोकून, चिकटवून फळी जखडून टाकली की मे महिन्यात ती कुठेतरी फुटणारच. आबाजींच्या फळीला मी तसंच केलं होतं. पहिल्याच उन्हाळ्यात वरून खालपर्यंत चीर गेली, कानाच्या मागून. मी लांबीचा डबा घेऊन धावत गेलो. आबाजींनी चिरेवर बोट फिरवलं आणि म्हणाले, "राहू दे. बंडीतई अशीच होती." मी ती चीर ठेवली, पण पट्टी काढली आणि स्क्रूची भोकं लांबट करून पुन्हा बसवली, म्हणजे लाकडाला सरकायला जागा राहते. तुम्ही पहिल्यापासून तसंच करा.

टिनाचं सांगतो, कारण तिथे मी एका माणसाचं नुकसान केलं. चहाच्या टपरीसाठी मालकाच्या वडिलांचं चित्र हवं होतं. छपराच्या उरलेल्या टिनपत्र्याचा तुकडा होता, चकचकीत. मी त्यावर सरळ एनॅमलने, म्हणजे चकाकणाऱ्या तैलरंगाने, चेहरा रंगवला. छान दिसला. पहिला पाऊस संपता संपता गालावरून पापड सुटावा तसा रंग सुटला. छपराच्या पत्र्यावर जस्ताचा थर असतो. तैलरंगातल्या तेलाशी जस्ताची क्रिया होऊन मध्ये साबणासारखा थर तयार होतो आणि रंगाची पकड जाते. तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. मी पैसे परत केले आणि दुसरं चित्र तेलाच्या डब्याच्या पत्र्यावर करून दिलं. तो पत्रा वेगळा, लोखंडावर कथलाचा मुलामा. डबा कापून सपाट केला, कडा कानशीने मारल्या, साबणाच्या गरम पाण्याने तेल काढलं, गंज घासला, रेड ऑक्साइडचा, म्हणजे गंज रोखणाऱ्या लाल प्रायमरचा, एक हात दिला आणि मग रंग. ते चित्र अजून टपरीवर आहे. छपराचाच पत्रा वापरायचा असेल तर जुना, पावसाने निस्तेज झालेला घ्या, व्हिनेगरने पुसून, धुऊन, आधी जस्ताच्या पत्र्यासाठी मिळणारं प्रायमर लावा.

बारदानावर काम करायला सोपं वाटतं, पण तैलरंग त्यावर थेट लावू नका, तेलाने ताग कुजतो. आधी पातळ फेव्हिकॉलचे दोन हात, मग ॲक्रिलिक, म्हणजे पाण्यात मिसळणारा रंग. गोगँ आणि व्हॅन गॉग या चित्रकारांनी 1888 साली फ्रान्समधल्या आर्ल गावात तागाच्या एकाच गुंडाळीतून कापड कापून घेऊन चित्रं काढली होती, इतका हा माल जुना आणि मानाचा आहे. फ्लेक्सची मागची बाजू मात्र मी सोडून दिली. त्यातलं मऊ ठेवणारं द्रव्य वर येतं आणि रंग चिकट राहतो.

कोणत्या माणसाला कोणती वस्तू, याचा मी आता बराच विचार करतो. 23 फेब्रुवारीला गाडगेबाबांच्या जयंतीसाठी शाळा चित्र मागतात. 1876 साली शेंडगावला जन्मलेला हा माणूस आयुष्यभर चिंध्यांची गोधडी पांघरून, हातात खापर घेऊन गावं झाडत फिरला. त्यांना गुळगुळीत कॅनव्हासवर बसवायला माझा हात धजत नाही. मी जुन्या बारदानाचे ठिगळ जोडलेले तुकडे पाटावर चिकटवले आणि त्यावर रंगवलं. मुलं जवळ येऊन शिवणीला हात लावत होती.

चेहऱ्याकडे येऊ. तयार मिळणारी 'स्किन कलर'ची ट्यूब घेऊ नका. उन्हात राबलेल्या आपल्या माणसांचा तो रंगच नाही. यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), अल्ट्रामरीन निळा आणि पांढरा, या चारांत मला सगळी माणसं मिळाली. सिएना आणि अल्ट्रामरीन मिसळून जो गडद रंग होतो तो बाटलीतल्या काळ्यापेक्षा जिवंत दिसतो. लाकूड गव्हाळ असेल तर सगळीकडे पांढरं अस्तर लावू नका. फळीला नुसता लाखेचा पातळ हात द्या आणि तो तपकिरी रंगच गालाचा मधला रंग समजा. मग फक्त सावल्या गडद करायच्या आणि उजेड उचलायचा. आबाजींच्या कपाळाचा अर्धा भाग मी रंगवलेलाच नाही. ती फळीच आहे.

डोळे डोक्याच्या उंचीच्या मध्यावर येतात, दोन डोळ्यांमध्ये साधारण एका डोळ्याची जागा असते. नवशिके डोळे वर नेतात आणि कपाळ खातात. सुरकुत्यांना काळ्या रेघा मारू नका. सुरकुती ही चामडीची घडी आहे, तिला एक उजेडाची आणि एक सावलीची बाजू असते. लाकडाचे रेशे चेहऱ्याच्या उंचीला समांतर ठेवा. गाठ आणि भोकं कुठे येतात ते खडूने आखून बघा. बोल्टाचं भोक मी फेट्याच्या वर, मोकळ्या जागेत ठेवलं.

जमेल तेव्हा माणूस समोर बसवून काढा. म्हाताऱ्या माणसाला वीस मिनिटांवर बसवू नका, चहा होऊ द्या, पुन्हा बसवा. अशा तीन बैठकी पुरतात. फोटो घ्यावाच लागला तर सात-आठ फूट मागे जा आणि झूम करा. अगदी जवळून घेतलेल्या फोटोत नाक मोठं आणि कान लहान येतात, आणि मग "आमचा बाप असा नव्हता" हे ऐकावं लागतं. उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत काम उरका. दुपारी ॲक्रिलिक ब्रशवरच वाळतं. रंगाच्या पाटीखाली ओलं फडकं ठेवलं तर थोडा वेळ मिळतो.

ज्यांना हे पुढे न्यायचं आहे त्यांनी शाळेत असतानाच कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा द्याव्यात. दहावीला वाढीव गुण मिळतात, पण त्याहून हात बसतो. बारावीनंतर सीईटी देऊन पदवीला जाता येतं, नागपुरात शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे. शिक्षक व्हायचं असेल तर आर्ट टीचर डिप्लोमा. मी उशिरा सुरू केलं, आणि माझी शिफारस आहे की तुम्ही तसं करू नका. पैशांचं सांगायचं तर लाकूड फुकट मिळालं म्हणून काम फुकट धरू नका. धुणं, वाळवणं, अस्तर, हे दिवस मोजा आणि अर्धे पैसे आधी घ्या. ज्याचं चित्र काढता त्याला ते कुठे लावणार, मोबाईलवर टाकणार का, हे आधी विचारा.

इजिप्तमधल्या फायूमची व्यक्तिचित्रं इसवीसनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकातली आहेत. पातळ लाकडी फळ्यांवर, बरीचशी मेणात कालवलेल्या रंगांची, आणि मेलेल्या माणसाच्या देहावर चेहऱ्याच्या जागी बसवलेली. म्हणजे तेरवीचं चित्र तेही काढत होते, लाकडावरच. कोरड्या हवेत त्या फळ्या टिकल्या आणि ते डोळे अजून आपल्याकडे बघतात. तेव्हापासून मला तेरवीचं काम कमी दर्जाचं वाटत नाही. फक्त आता मी घरच्यांना विचारतो, की गेलेल्या माणसाच्या वापरातली एखादी फळी, पाट, पेटीचं झाकण आहे का. बहुतेक वेळा असतं.

चित्र पूर्ण झालं की मागच्या बाजूला लिहून ठेवा : कोणाचं चित्र, कोणतं गाव, कोणती तारीख, लाकूड कुठलं, अस्तर कशाचं, रंग कोणते. पुढे कुणाला दुरुस्ती करायची झाली तर उपयोगी पडतं. आबाजींच्या फळीमागे मी हे लिहिलं तेव्हा ते म्हणाले, बैलांची नावं लिही. मोऱ्या, चांद्या, बाशिंग्या असं एकेक सांगत गेले, चार जोड्यांची. सात नावं झाली. आठवं त्यांना त्या दिवशी आठवलं नाही, तेवढी जागा मी सोडून ठेवली आहे.