एआय एजंटसाठी क्रिप्टो शुल्काच्या टूलचे वर्णन कसे लिहावे

एआय एजंट, म्हणजे वापरकर्त्याच्या वतीने कामे करणारा एआय, टूलचा, म्हणजे त्याला वापरायला दिलेल्या छोट्या प्रोग्रामचा, आतला कोड वाचत नाही. त्याच्यासमोर टूलचे नाव, चार-पाच वाक्यांचे वर्णन आणि टूलला कोणती माहिती पुरवायची याची यादी एवढेच असते. अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुल्या केलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्येही (एआयला टूलशी जोडण्याची ठरीव पद्धत) टूलची ओळख अशीच करून दिली जाते. इंदूरमध्ये विजयनगरच्या कार्यालयांत बसून अशी टूल लिहिणारे मराठी तरुण भेटतात तेव्हा त्यांचा कोड चोख असतो, पण वर्णन ‘शुल्काची माहिती देते’ एवढ्यावर उरकलेले असते. क्रिप्टो व्यवहार नोंदला जावा म्हणून भरायचे हे शुल्क म्हणजे थेट पैशाचे काम असल्यामुळे ही काटकसर महागात पडते.

सुरुवात जाळ्याच्या (नेटवर्कच्या) नावाने करावी. बिटकॉइनचे मुख्य जाळे, त्याचे चाचणी जाळे आणि इथेरियम यांचे दर एकमेकांच्या कामाचे नाहीत. त्यामुळे टूल कोणत्या जाळ्यापुरते आहे हे पहिल्याच वाक्यात यावे.

त्यानंतर एकक लिहावे, आणि माझ्या मते वर्णनातली निम्मी मेहनत इथेच खर्च करावी. बिटकॉइन कोअर या बिटकॉइनच्या मूळ सॉफ्टवेअरची शुल्काचा अंदाज देणारी आज्ञा दर हजार व्हर्च्युअल बाइटमागे (व्यवहाराचा आकार मोजण्याचे एकक) किती बिटकॉइन, असा आकडा देते. वॉलेटमध्ये मात्र तोच दर एका व्हर्च्युअल बाइटमागे किती सातोशी, असा दिसतो. एका बिटकॉइनचे दहा कोटी सातोशी होतात, म्हणून ०.०००१ आणि १० हे दोन आकडे प्रत्यक्षात एकच दर सांगतात. वर्णनात एकक नसेल तर एजंट ०.०००१ हा आकडा पूर्ण शुल्क समजून वापरकर्त्याला खुशाल सांगून टाकतो, आणि उत्तर इतक्या ठामपणे दिलेले असते की कोणाला शंकाही येत नाही. इथेरियममध्ये दर ग्वेईत असतो आणि एक ग्वेई म्हणजे एका ईथरचा (इथेरियमच्या चलनाचा) अब्जावा भाग. साध्या हस्तांतरणाला २१,००० गॅस (जाळ्याला पडणाऱ्या कामाचे माप) लागतो. एका गॅसमागे दर २० ग्वेई असेल तर शुल्क ०.०००४२ ईथर होते. असे एखादे सोडवलेले उदाहरण वर्णनातच द्यावे, कारण नुसत्या व्याख्येपेक्षा त्याचा उपयोग अधिक होतो.

तिसरी पायरी म्हणजे टूल दर देते की एकूण रक्कम देते, हे स्पष्ट करणे. बिटकॉइनचे शुल्क पाठवलेल्या रकमेवर ठरत नाही, ते व्यवहाराच्या आकारावर ठरते. एक इनपुट (आधी मिळालेली, आता खर्च होणारी रक्कम) आणि दोन आउटपुट (ती जिथे जाते ते वाटे) असलेला नेहमीचा सेगविट (कमी जागा घेणारा प्रकार) व्यवहार सुमारे १४१ व्हर्च्युअल बाइटचा असतो आणि १० च्या दराने त्याला १,४१० सातोशी लागतात. तीच रक्कम दहा लहान इनपुट गोळा करून पाठवली तर आकार साडेसातशेच्या घरात जातो. ‘रकमेचा या शुल्काशी संबंध नाही’ हे वाक्य वर्णनात नसेल, तर एजंट बँकेच्या सवयीने टक्केवारी लावायला बसतो.

आता मुदतीविषयी. ‘जलद’, ‘मध्यम’, ‘सावकाश’ हे शब्द टाळावेत आणि किती ब्लॉकच्या (एकत्र नोंदलेल्या व्यवहारांच्या गठ्ठ्यांच्या) आत व्यवहार नोंदला जावा ते आकड्यात मागावे. बिटकॉइनचा ब्लॉक सरासरी दहा मिनिटांनी येतो, म्हणून सहा ब्लॉक म्हणजे साधारण एक तास. परंतु ही सरासरी आहे, हमी नाही, हेही लिहावे. बिटकॉइन कोअर १ ते १००८ ब्लॉकपर्यंतची मुदत स्वीकारतो आणि पुरेशी माहिती नसेल तर दराऐवजी त्रुटी कळवतो. अशा वेळी एजंटने काय करावे, म्हणजे अंदाज उपलब्ध नाही असे सांगून थांबावे, मनाने आकडा भरू नये, हे वर्णनातच बजावून ठेवावे. उत्तरासोबत वेळ आणि ब्लॉकची उंची (ब्लॉकचा अनुक्रमांक) द्यावी, कारण दर काही मिनिटांत शिळा होतो. इथेरियमचे मूळ शुल्क तर एका ब्लॉकपासून पुढच्या ब्लॉकपर्यंत १२.५ टक्क्यांपर्यंत बदलू शकते.

टूल काय करत नाही, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. ते व्यवहार पाठवत नाही, सही करत नाही, लाइटनिंग या बिटकॉइनवर उभ्या वेगळ्या जाळ्याचे किंवा एक्स्चेंजमधून पैसे काढण्याचे शुल्क सांगत नाही. मात्र ‘नेहमी आधी हेच टूल वापरा’ अशी आज्ञा वर्णनात घुसडू नये. अशाच जागी लपवलेल्या सूचनांनी एजंटला फसवता येते, त्यामुळे जाणकार अशा वर्णनाकडे संशयानेच पाहतात.

हे सगळे जमेस धरले तर वर्णन असे होते: ‘बिटकॉइनच्या मुख्य जाळ्यावरील शुल्काचा अंदाजित दर देते. एकक: एका व्हर्च्युअल बाइटमागे सातोशी. एकूण शुल्कासाठी दराला व्यवहाराच्या आकाराने गुणावे. पाठवायच्या रकमेचा संबंध नाही. मुदत ब्लॉकमध्ये द्यावी, १ ते १००८. अंदाज नसल्यास त्रुटी मिळते. तेव्हा आकडा सांगू नये. व्यवहार पाठवत नाही.’

हा मजकूर या धंद्याबाहेरच्या माणसाला वाचायला द्यावा. रामबागेतल्या आमच्या शेजारच्या काकांची उभी हयात बँकेत गेली. त्यांनी असेच एक वर्णन वाचून लगेच विचारले, “अरे, हा चार्ज पाठवणाऱ्याकडून घेणार की ज्याला पैसे मिळणार त्याच्यातून कापणार?” मी म्हटले, “काका, पाठवणाराच भरतो, रकमेच्या वर.” त्यावर ते म्हणाले, “मग तसं लिही की!” तेवढे वाक्य वर्णनात घालावेच.

शेवटी खऱ्या एजंटसमोर वेगवेगळे प्रश्न ठेवून पाहावे: ‘आज संध्याकाळपर्यंत पोहोचले तरी चालेल, किती लागेल?’, ‘दोन लाख रुपयांचे बिटकॉइन पाठवायला किती टक्के?’, ‘अडकलेल्या व्यवहाराचे शुल्क कसे वाढवू?’ पहिल्याला त्याने मुदत ब्लॉकमध्ये बदलून टूल वापरावे, दुसऱ्याला टक्केवारी नाकारावी, आणि तिसऱ्याला, शुल्क वाढवण्याचे वेगळे टूल असेल तर, तेच निवडावे. उत्तर चुकले तर आधी वर्णन तपासावे, कोड नंतर. दराचा प्रकार पूर्णांक असा नोंदवलेला नाही ना, तेही याच वेळी पाहून घ्यावे, कारण गर्दी नसताना दर १ सातोशीच्या खालीही येऊ शकतो आणि पूर्णांकात त्याचे शून्य होते.