मुंबईच्या पावसाच्या जुन्या नोंदी कशा वाचाव्यात

‘मुंबईचा पाऊस’ असा एकच आकडा नसतो. हवामान खात्याची इथे दोन मुख्य केंद्रं: कुलाबा आणि सांताक्रूझ. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी कोसळला, कुलाब्याला जेमतेम ७४. म्हणून आधी एक केंद्र ठरवा आणि शेवटपर्यंत तेच धरा. दोन्हींची सरासरी काढू नका.

रोजची नोंद खात्याच्या पुणे कार्यालयाकडून मागवता येते. १९०१ पासूनचा ग्रिड डेटाही (नकाशावर चौकटी पाडून प्रत्येकीचा काढलेला सरासरी पाऊस) मिळतो, पण त्यातली एक चौकट सुमारे २७ किमीची असते आणि सरासरीत टोकाचे आकडे बोथट होतात. अतिवृष्टी तपासायची तर केंद्राचीच नोंद हवी.

आता साफसफाई, खरी मेहनत इथेच आहे. पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो आणि नोंद त्या सकाळच्या तारखेला पडते. २६ जुलैच्या दुपारचा पाऊस म्हणूनच २७ तारखेसमोर सापडतो. पाऊस आणि समुद्राची भरती एकाच वेळी आली का हे जुळवताना हमखास चूक होते ती इथे. रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे. जुलैचा एक दिवस गहाळ असला तरी दोनशे मिमी हरवलेले असू शकतात. असं वर्ष दिवस मोजताना बाजूला ठेवा.

मग दर वर्षासमोर जून ते सप्टेंबरची बेरीज, २.५ मिमी किंवा जास्त पावसाचे दिवस, ६४.५ मिमीच्या वरचे (जोरदार), २०४.५ च्या वरचे (अत्यंत जोरदार) आणि सर्वांत जास्त पावसाचा एक दिवस लिहा. नुसत्या बेरजेवर थांबू नका. मध्य भारतात १९५० ते २०१५ दरम्यान मोसमाचा एकूण पाऊस घटत असताना मोठ्या प्रदेशावरच्या अतिवृष्टीच्या घटना जवळपास तिप्पट झाल्या. बेरजेत हे दिसलंच नसतं.

कल, म्हणजे पाऊस वर्षांगणिक वाढतोय की घटतोय, हे काढताना सुरुवातीचं वर्ष दुष्काळाचं असेल तर रेघ आपोआप वर चढते. सुरुवात पाच-दहा वर्षं मागेपुढे करून पाहा. कल उलटला तर तो कल नव्हेच. एका राक्षसी दिवसानेही सरळ रेघ वाकते, म्हणून वर्षांच्या प्रत्येक जोडीचा उतार काढून त्यांतला मधला घ्यावा.

‘शंभर वर्षांतून एकदा’ येणारा पाऊस म्हणजे दर वर्षी १ टक्का शक्यता. तीस वर्षांत तो एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के, आणि तीही हवामान बदलत नाही असं धरून.