पुलावरून पक्षी काळे दिसतात? बाजू बदला

मुळा-मुठेवर सकाळी पक्षी भरपूर असतात, पण उन्हासमोर उभं राहिलं की सगळे नुसते काळे ठिपके.

१. संगमानंतर नदी साधारण पूर्वेकडे वाहते. म्हणून बंडगार्डनच्या पुलावर सकाळी पाणी येतं त्या बाजूला तोंड करा, संध्याकाळी पाणी जातं त्या बाजूला. ऊन पाठीशी राहतं आणि रंग उजळतात: शेकाट्याचे लालसर गुलाबी पाय, हळदीकुंकू बदकाची पिवळ्या टोकाची चोच, हिवाळ्यात आलेल्या चक्रवाकाचा केशरी रंग. हे इतकं देखणं आपल्या शहरातच आहे!

२. दुर्बीण कठड्याला टेकवा.

पाव, शेव मात्र टाकू नका. तो त्यांचा आहार नाही.