इंग्लंडात चांगली कास्क एल कशी शोधावी

‘रिअल एल’ची, म्हणजे पिंपातून (कास्कमधून) मिळणाऱ्या पारंपरिक इंग्लिश बिअरची, पाटी दिसली की आत शिरा, असं इंग्लंडात नव्यानं आलेल्या प्रत्येकाला कोणीतरी सांगतं. हा सल्ला विसरून जा. पाटी कोणीही लावतं.

कास्क एल पिंपात भरल्यावरही आंबत राहते. तिच्यातलं यीस्ट जिवंत असतं, ती पाश्चराइझ केलेली नसते आणि वरून दाबानं कार्बन डायऑक्साइडही भरलेला नसतो. म्हणजे ब्रुअरीतून ती अर्धवटच निघते. पिंप किती दिवस स्थिर ठेवायचं, त्यातला वायू किती सोडायचा, ते कधी उघडायचं हे पबच्या तळघरातला माणूस ठरवतो. एकाच ब्रुअरीची तीच बिअर एका पबात अप्रतिम आणि शेजारच्या पबात टाकाऊ निघते ती यामुळेच. तेव्हा आधी पब शोधा, बिअरचं नाव नंतर बघा.

यादी करा. ‘काम्रा’ ही रिअल एलसाठी झटणारी ग्राहकांची संघटना १९७१ मध्ये सुरू झाली. त्यांच्या संकेतस्थळावर गावाचं नाव घातलं की कुठे कास्क मिळते ते दिसतं. त्यांच्या वार्षिक मार्गदर्शिकेतले पब तिथलेच सदस्य निवडतात, म्हणून मी त्यांच्यावर सर्वांत जास्त भरवसा ठेवतो. पबांतली कास्क तपासणाऱ्या ‘कास्क मार्क’ या संस्थेचं ‘कास्कफाइंडर’ हे ॲपही फोनवर असू द्या. त्यांचे तपासनीस तापमान, रूप, वास आणि चव पाहून पबला प्रमाणपत्र देतात. मात्र ते तपासणीच्या दिवसाचं असतं, आज तुमच्या ग्लासात काय येणार हे त्यावरून कळत नाही.

गाव निवडता येत असेल तर शेफील्डला जा. केल्हम आयलंड भागात ‘फॅट कॅट’ आणि ‘केल्हम आयलंड टॅव्हर्न’ एकमेकांपासून चालत काही मिनिटांवर आहेत. बर्मिंगहॅमजवळ ब्रायर्ली हिलमध्ये बॅथम्सच्या ब्रुअरीला लागूनच तिचा ‘व्हाइन’ हा पब आहे. सेजलीच्या ‘बीकन हॉटेल’मागे व्हिक्टोरियन काळातली छोटी ब्रुअरी आहे, तिथली ६ टक्क्यांची गडद ‘रूबी माइल्ड’ जागेवर प्यायलाच हवी. दक्षिणेत लुइस गावी हार्वीज ब्रुअरीची बिअर, यॉर्कशरमध्ये कीथ्लीच्या टिमथी टेलर ब्रुअरीची ‘लँडलॉर्ड’. बिअर जिथली, तिथे ती जास्त खपते, म्हणून ताजी मिळते.

ब्रुअरीत थेट जाणार असाल तर आधी फोन करून विचारा. नव्या ब्रुअऱ्यांच्या टॅपरूममध्ये (ब्रुअरीतल्याच बारमध्ये) पुष्कळदा सगळी बिअर केगमधलीच, म्हणजे बंद पिंपातून वायूच्या दाबानं येणारी असते. ती चांगली असेलही, पण तुम्ही आलात ते कास्कसाठी.

आता बार. इथे लोक चुकतात. मलाही हा टप्पा जमायला बराच वेळ लागला, कारण सगळे सांगतात की जास्त हँडपंप (तळघरातली कास्क हातानं ओढून वर आणणारे काउंटरवरचे दांडे) असलेला पब चांगला. हे साफ चुकीचं आहे.

हिशेब करून बघा. ‘फर्किन’ या नेहमीच्या पिंपात ९ गॅलन, म्हणजे ७२ पाइंट (पाइंट म्हणजे तिथला बिअरचा नेहमीचा ग्लास) असतात. पिंप उघडलं की आत हवा जाते आणि साधारण तीन दिवसांत ते संपवावं लागतं. तळाचा गाळ सोडला तरी एका पंपातून रोज वीसेक पाइंट जायला हवेत. आठ पंप असतील तर दीडशेच्या वर. मंगळवारी दुपारी पबात अकरा माणसं बसली आहेत, त्यातली निम्मी कॉफी पितायत, आणि काउंटरवर आठ पंप रांगेत उभे आहेत. यातल्या निदान पाचांतली बिअर शिळी असणार. असा पब दिसला तर मी उलट पावली बाहेर पडतो. गर्दी आणि तीन पंप असलेला पब मला केव्हाही चालेल. गुरुवार ते शनिवार संध्याकाळ उत्तम. पब उघडल्या उघडल्या जाऊ नका. रात्रभर नळीत थांबलेली बिअर आधी ओढून टाकायची असते आणि आळशी पबांत ती पहिल्या गिऱ्हाइकाच्या ग्लासात जाते.

हँडपंप दिसला म्हणजे कास्क, हेही आता धरून चालू नका. २०२४ मध्ये एका मोठ्या कंपनीनं केगमधली बिअर हँडपंपातून द्यायला सुरुवात केली आणि काम्रानं त्याला जाहीर विरोध केला. पंपावरच्या पट्टीवर ‘फ्रेश एल’ असं लिहिलं असेल तर ती कास्क नव्हे. ही गिऱ्हाइकाची सरळ दिशाभूल आहे. शंका आली की विचारा: ही कास्कमधली आहे का? पट्टी उलटी फिरवलेली असेल तर ती बिअर संपली आहे किंवा अजून तयार नाही.

काउंटरवर ‘सर्वांत चांगली कुठली’ असं विचारू नका, तुम्हाला महागडीकडे बोट दाखवतील. ‘आज सगळ्यांत जास्त कुठली जातेय’ आणि ‘हे पिंप कधी उघडलं’ असं विचारा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लगेच आलं तर पब चांगला. चव बघायला घोटभर मागता येते, त्यात संकोच कसला? पहिल्यांदा अर्धाच पाइंट घ्या.

ग्लास हातात आल्यावर आधी उजेडाकडे धरा, मग वास घ्या. तापमान ११ ते १३ अंश असावं. आपल्याकडच्या बर्फगार लागरची सवय असलेल्यांना ती कोमट वाटते, पण हातात ग्लास गारच लागायला हवा. वास सर्वांत महत्त्वाचा. हॉटेलात जेवणाआधी येणाऱ्या सिरक्यातल्या कांद्याच्या वाटीसारखा वास आला तर पिंप गेलेलं आहे. फुगे अजिबात नसतील, चव पुठ्ठ्यासारखी असेल, तरीही परत करा.

परत कसं करायचं? एकदोन घोटांतच, अर्धा ग्लास संपवून नव्हे. आवाज न चढवता ग्लास पुढे करा आणि ‘ही बिघडलीय असं वाटतं, दुसरी द्याल का’ एवढंच म्हणा. चांगला पब वाद न घालता बदलून देतो आणि पंपही बंद करतो. लंडनमध्ये एका स्टेशनजवळच्या पबात मला ‘रिअल एल अशीच असते’ असं ऐकवलं गेलं. रिअल एल आंबट व्हिनेगरसारखी नसते. असं उत्तर मिळालं की ग्लास तिथेच ठेवून निघा, आणि आपण परदेशी, आपल्याला काय कळतं, असं मनात आणू नका.

गढूळपणाचं मात्र जरा वेगळं आहे, आणि शाकाहाऱ्यांनी हे नीट वाचावं. बिअर नितळ व्हावी म्हणून पिंपात बहुतेकदा आयसिंग्लास घालतात, ते माशांच्या पोटातल्या फुग्यापासून बनतं. ते गाळाबरोबर खाली बसतं, पण तुम्हाला चालत नसेल तर ‘अनफाइन्ड’, म्हणजे असं काही न घातलेली, आहे का ते विचारा. ब्रिस्टलची मूर बिअर अशीच, काही न घालता बनते आणि धुरकट दिसते. पट्टीवर तसं लिहिलेलं असेल तर धुरकटपणा हा दोष नाही. लिहिलेलं नसेल आणि वासही आंबट येत असेल, तर परत करा.

उत्तरेत पंपाच्या तोटीला जाळी लावतात, म्हणून वर दाट फेस येतो. दक्षिणेत सहसा तो पातळ असतो. दोन्ही योग्य. पाइंट ५६८ मिलिलिटरचा असतो, फेसच जास्त असेल तर वरून भरून मागा.

आवडलेल्या पबची नोंद ठेवा, काम्राचे सदस्य असाल तर ० ते ५ मध्ये गुण द्या. आणि पबचा चालक बदलल्याचं कळलं की ते नाव यादीतून खोडा आणि पुन्हा अर्ध्या पाइंटपासून तपासा.