वेटर उद्धट वागला, तर टेबलावरून उठण्याआधी काय करावं?

मेनूकार्ड डोळ्यांजवळ धरून वडील सावकाश वाचत होते. चष्मा घरी राहिला होता. वेटर आला, क्षणभर थांबला आणि त्यांच्या हातातलं कार्ड ओढून घेत म्हणाला, "वाचत काय बसलात? काय पाहिजे ते तोंडाने सांगा." मी ताडकन उठलो आणि तोंडाला येईल ते बोललो. शेजारच्या टेबलांवरचे हात थांबले. मॅनेजर धावत आला, माफी मागून झाली, आम्ही जेवलोसुद्धा. पण वडिलांनी शेवटपर्यंत मान वर केली नाही. परतताना ते एवढंच म्हणाले, "सगळे बघत होते रे."

त्या दिवशी बाजू माझी खरी होती, तरी वडिलांच्या अपमानात मी भरच घातली. तेव्हापासून हा विषय माझ्या मनातून गेलेला नाही. अपमान गिळून गप्प बसावं असं मी कधीच म्हणणार नाही. पैसे मोजून जेवायला आलेल्या माणसाला नीट वागणूक मिळायलाच हवी. मात्र बोलायचं कसं, कुणाशी आणि कधी, हे आधीपासून ठाऊक असेल तर आपलं म्हणणं पोचतं आणि सोबतच्या माणसांचा घासही गोड राहतो.

१. आधी ठरवा: हा उद्धटपणा आहे की ओढाताण?

ऑर्डर घ्यायला उशीर होणं, चेहऱ्यावर हसू नसणं, तुटक उत्तर देणं हे सगळं खटकतं, पण तो अपमान नव्हे. कार्ड हातातून ओढणं, ताट आदळणं, "परवडत नसेल तर येता कशाला" असं म्हणणं हा अपमान आहे. या दोन्हींना एकच उत्तर देऊन चालत नाही.

मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी १९७७ मध्ये माणसाच्या एका सवयीला नाव दिलं. दुसरा चुकला की आपण त्याच्या स्वभावाला दोष देतो आणि त्याच्यावर आलेली परिस्थिती विसरतो. वेटर तुटक बोलला की "माणूसच उर्मट आहे" असं आपण लगेच म्हणून टाकतो. म्हणून दोन मिनिटं आजूबाजूला बघा. तो सगळ्याच टेबलांवर असाच धावतोय का? किती टेबलं एकट्याने सांभाळतोय? शेजारच्यांशी गोड आणि तुमच्याशीच तिरकस बोलत असेल, तर मात्र तुमची शंका खरी आहे.

हॉटेलातल्या भांडणाचं मूळ बऱ्याचदा आपल्याला न दिसणाऱ्या जागी, स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी असतं. समाजशास्त्रज्ञ विल्यम फूट व्हाइट यांनी १९४० च्या दशकात शिकागोतल्या रेस्टॉरंटांचा अभ्यास केला. गर्दीच्या वेळी तिथल्या वाढणाऱ्या मुली रडकुंडीला यायच्या. एका बाजूने गिऱ्हाइकाची घाई, दुसऱ्या बाजूने स्वयंपाक्याचा राग. खिडकीतून ओरडून ऑर्डर दिली की स्वयंपाक्याला वाटायचं, ही मला हुकूम सोडतेय. जिथे ऑर्डरची चिठ्ठी खिळ्याला अडकवून ठेवायची सोय होती, तिथे ही कुरबूर कमी दिसली. एवढ्याशा खिळ्याने फरक पडत असेल, तर आपल्या टेबलावर आलेला चिडका सूर आत कुठेतरी सुरू झालेला असू शकतो. याने वेटरची चूक माफ होत नाही, पण पहिलं वाक्य कोणत्या सुरात बोलायचं ते यावरून ठरवता येतं.

२. पहिलं बोलणं त्याच्याशीच, हळू आवाजात

सरळ मॅनेजरला हाक मारण्याआधी त्या माणसाला स्वतःची चूक दुरुस्त करायची एक संधी द्या. अगदी उघड अपमान झाला असेल तर ही पायरी सोडून द्या, इतर वेळी सोडू नका.

तो हातात गरम ताटं घेऊन चालला असेल, तेव्हा अडवू नका. तुमच्या टेबलाशी येऊन थांबेल तेव्हा बोला. एकच गोष्ट सांगा आणि ती घडलेली सांगा. "दादा, कार्ड हातातून ओढलंत ते वडिलांना लागलं. त्यांना वाचायला दोन मिनिटं द्या." किंवा, "ताई, मी तीनदा विचारलं, उत्तर मिळालं नाही. पदार्थ यायला किती वेळ लागेल तेवढं सांगाल का?" या वाक्यांत आरोप नाही, टोमणा नाही. काय घडलं आणि आता काय हवं, एवढंच आहे. ऐकणाऱ्याला "हो, आणतो" म्हणायला वाट राहते.

"तुम्हा लोकांना कळतच नाही" हे वाक्य तोंडातून गेलं की संपलं. त्यात त्या एका घटनेवर न थांबता सगळ्या जमातीवर बोट ठेवलेलं असतं. मग समोरचा माणूस चूक बाजूला ठेवून स्वतःला वाचवायला लागतो.

आणि अरे-तुरे करू नका. हे मी आवर्जून सांगतो, कारण आपल्यापैकी अनेकांना ही सवय इतकी अंगवळणी पडली आहे की ती लक्षातच येत नाही. साहेबाला "तुम्ही", दुकानदाराला "तुम्ही", आणि वाढणाऱ्या माणसाला, तो वयाने मोठा असला तरी, "ए, इकडे ये." चुटकी वाजवणं, शुकशुक करणं, रिकामा पेला टेबलावर आपटून बोलावणं हेही त्यातलंच. पहिल्या मिनिटाला आपण हे केलेलं असेल, तर पुढच्या उद्धटपणाची सुरुवात कुठे झाली ते प्रामाणिकपणे आठवून बघायला हवं. रागाच्या भरातही "तुम्ही" सोडलं नाही, तर आपला आवाजसुद्धा आपोआप खाली राहतो. स्वतः करून बघा.

एकदा असंच एका वेटरला मी विचारलं, "आज एकटेच आहात का?" तोवर तो आमच्याकडे न बघताच ऑर्डर घेत होता. पेन थांबलं. "दुसरा आलाच नाही. सकाळपासून बसलो नाहीये," तो म्हणाला. पुढच्या वेळी पाणी आणताना त्याने पेला आदळला नाही, हात लावून नीट ठेवला. दरवेळी असं होईलच असं नाही. पण विचारायला काही पडत नाही.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्सचाइल्ड यांनी १९८३ मध्ये विमानातल्या कर्मचाऱ्यांबद्दल लिहिताना "भावनिक श्रम" ही कल्पना मांडली. आत काहीही चाललेलं असो, चेहरा हसरा ठेवायचा, हाही कामाचाच भाग आणि त्यानेही माणूस थकतो. ओझी उचलणाऱ्याचे खांदे दुखतात हे आपल्याला दिसतं, दिवसभर हसणाऱ्याचा थकवा दिसत नाही.

३. सोबतच्या माणसांना विचारा

ही पायरी छोटी आहे आणि नेमकी हीच मी त्या दिवशी गाळली. अपमान ज्याचा झाला, त्याला काय हवंय? "आपण बोलूया, की दुसरीकडे जाऊया?" असं हळूच विचारा. वडीलधारी मंडळी, पाहुणे, लहान मुलं सोबत असतील तर टेबलावर वाद घालण्यापेक्षा स्वतः उठून काउंटरकडे जाणं कधीही चांगलं.

४. मॅनेजरशी बोलताना

वेटर ऐकत नसेल किंवा मामला मोठा असेल, तर काउंटरवर जा आणि "दोन मिनिटं बाजूला बोलू शकतो का?" असं विचारा. सगळ्यांसमोर तक्रार केली की मॅनेजरला आपल्या माणसाची बाजू घ्यावी तरी लागते, नाहीतर त्याला सर्वांदेखत झापावं तरी लागतं. दोन्हींतून तुमच्या हाती काही येत नाही.

तीन गोष्टी सांगा: कोणत्या टेबलावर, केव्हा, नेमकं काय घडलं. वेटरचे शब्द आठवत असतील तर जसेच्या तसे सांगा, मीठमसाला लावू नका. एक शब्द वाढवून सांगितला आणि तो खोटा ठरला, तर उरलेल्या खऱ्या गोष्टीवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

मग तुम्हाला काय हवंय ते स्पष्ट सांगा. बहुतेक तक्रारी इथेच अडतात. गिऱ्हाईक दहा मिनिटं राग व्यक्त करतं, मॅनेजर मान हलवतो, आणि शेवटी काय करायचं हे दोघांनाही कळत नाही. "आम्हाला दुसरं टेबल आणि दुसरा वेटर द्या." "चुकीचा आलेला पदार्थ बिलातून काढा." "त्यांनी माझ्या वडिलांशी दोन शब्द नीट बोलावे." यातलं काहीही मागता येतं. ग्राहकांच्या तक्रारींवर काम करणारे अभ्यासक तीन प्रकारचा न्याय वेगळा काढतात: भरपाई काय मिळाली, ती मिळवताना किती खेटे घालावे लागले आणि त्या वेळी आपल्याशी कसं बोललं गेलं. उद्धटपणाच्या बाबतीत तिसऱ्याचं वजन सगळ्यात जास्त असतं, असं मला वाटतं. बिलात सूट मिळाली पण तुच्छतेने मिळाली, तर मन शांत होत नाही.

"त्याला कामावरून काढा" हे मात्र मागू नका. एका जेवणाच्या वाईट अनुभवावर कुणाचं पोट ठरवायचा अधिकार आपल्याला नाही. काय कारवाई करायची ते मालकाचं काम. तसंच "मी कोण आहे माहीत आहे का?" हे वाक्य कधीच उच्चारू नका. नीट वागणूक मिळायला ओळख लागत नाही, हेच तर आपलं म्हणणं आहे.

५. कधी समजूत काढत बसायचं नाही

जात, धर्म, रंग, भाषा, पेहराव, अपंगत्व किंवा बाईमाणूस असण्यावरून कुणी बोललं, अंगाला हात लावला, धमकी दिली, तर तिथे वरच्या पायऱ्या लागू नाहीत. ती सेवेतली चूक नव्हे. शांतपणे उठा, खाल्लेल्याचे पैसे द्या, बिल जपून ठेवा, वेळ आणि शब्द लगेच फोनमध्ये लिहून ठेवा. मग मालकाकडे आणि गरज पडली तर ग्राहक तक्रार यंत्रणेकडे किंवा पोलिसांकडे लेखी जा. ॲलर्जीबद्दल विचारल्यावर कुणी "काही होत नाही, खा" म्हणून झटकलं, तर तिथेही भिडेखातर खाऊ नका. उत्तर थेट स्वयंपाकघरातून मागवा, नाहीतर तो पदार्थ सोडा.

६. बिल आणि टिप

बिलातल्या ओळी तपासा, राग बिलावर काढू नका. टिप कमी ठेवून धडा शिकवला असं अनेकांना वाटतं. ते पोचत नाही. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचे मायकेल लिन टिप या विषयाचे जुने अभ्यासक. त्यांनी सहकाऱ्यासोबत २००० साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा गिऱ्हाइकाने सेवेला दिलेले गुण आणि टिपची रक्कम यांचा संबंध अगदी क्षीण निघाला. टिपमधल्या चढउतारांपैकी दोन टक्क्यांहूनही कमी भाग सेवेशी जोडता येत होता. मग कमी टिप पाहून वेटरने काय समजायचं? गिऱ्हाईक कंजूष आहे, की सुट्टे नव्हते, की मी चुकलो? शिवाय बऱ्याच ठिकाणी टिप सगळ्यांत वाटली जाते, म्हणजे भांडी घासणाऱ्याचाही वाटा कापला जातो. टिप द्यायची नसेल तर देऊ नका, पण कारण शब्दांत सांगा.

७. ऑनलाइन लिहायचं असेल तर

त्याच टेबलावर बसून लिहू नका. एक रात्र जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी जे आठवतं आणि तितकंच खटकतं, ते लिहिण्याजोगं असतं. दिवस, साधारण वेळ, काय घडलं आणि तक्रारीनंतर मॅनेजरने काय केलं, एवढं पुरे. त्यांनी नीट हाताळलं असेल तर तेही लिहा. पुढच्या वाचणाऱ्याला त्याचाच जास्त उपयोग होतो.

वेटरचा फोटो किंवा व्हिडिओ टाकू नका. नाव कळलं असेल तरी लिहू नका, ते मालकाला खासगीत कळवा. तो व्हिडिओ त्याच्या मुलांच्या फोनवरही पोचणार आहे. टेबलावरचा प्रसंग अर्ध्या तासात मिटतो, व्हिडिओ वर्षानुवर्षं फिरत राहतो.

पुन्हा त्या ठिकाणी जायचं की नाही हे मॅनेजरच्या वागण्यावरून ठरवा. तक्रार मनापासून ऐकली गेली असेल तर मी एकदा परत जातो. आणि कुणी उत्तम वाढलं, म्हाताऱ्या माणसाला कार्ड वाचून दाखवलं, तर निघताना काउंटरवर त्याचं नाव घेऊन सांगतो. तिथे बसलेल्याला नावानिशी तक्रारी रोज ऐकू येतात, नावानिशी कौतुक क्वचितच येतं.