अंगणातलं मोठं झाड पाडायचं की ठेवायचं: खान्देशातल्या घरांसाठी तयारीची यादी

वळवाच्या वादळात गल्लीतलं एखादं झाड कोसळलं की पुढचे आठ दिवस सगळ्यांना आपापल्या अंगणातल्या झाडाची भीती वाटू लागते. लाकूडतोड्यांचे फोन वाजतात आणि दुपारपर्यंत चाळीस वर्षांचा लिंब आडवा झालेला असतो. म्हणून तयारीचं पहिलं काम हे, की त्या आठवड्यात निर्णय घ्यायचा नाही. अपवाद फक्त उघड धोक्याचा: झाड अचानक एका बाजूला कललंय, बुंध्याजवळची माती उलट्या बाजूला फुगून वर आलीय किंवा मोठी फांदी चिरून लोंबकळतेय. असं असेल तर त्या बाजूची खोली रिकामी करा, खाली गाडी लावू नका, गुरं बांधू नका आणि त्याच दिवशी नगरपालिकेला किंवा ग्रामपंचायतीला कळवा. बाकी सगळ्या झाडांना शांतपणे पाहायला वेळ असतो.

मग झाड घराच्या कोणत्या बाजूला आहे ते पाहा. जळगाव, भुसावळ, धुळ्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि दुपारी तीननंतरचं ऊन पश्चिमेच्या भिंतीवर असं बसतं की रात्री दहालाही भिंतीला हात लावला तर गरम लागते. पश्चिमेला किंवा नैर्ऋत्येला उभं असलेलं झाड हे या मुलखात घराचाच भाग आहे, असं मी मानतो. साधा थर्मामीटर घ्या. दुपारी चार वाजता सावलीतल्या भिंतीजवळ आणि उन्हातल्या भिंतीजवळ, दोन्हीकडे मोजा आणि आकडे लिहून ठेवा. पाडायचं की नाही यावर घरात बोलणं होईल तेव्हा हा कागद समोर असू द्या. उत्तरेच्या कोपऱ्यातल्या सुबाभळीला आणि पश्चिमेच्या कडुनिंबाला एकच न्याय लावता येत नाही.

आता मापं घ्या. जमिनीपासून साडेचार फुटांवर बुंध्याला टेप गुंडाळून घेर मोजा आणि त्याला ३.१४ने भागा, म्हणजे जाडी मिळते. जाडीच्या प्रत्येक इंचामागे बुंध्यापासून एक फूट, एवढा मुळांचा महत्त्वाचा पसारा धरतात. घेर ९४ इंच असेल तर जाडी ३० इंच, आणि चोहीकडे ३० फुटांपर्यंत खोदताना जपायला हवं. उंचीसाठी पाच फुटांची काठी उन्हात उभी करा. काठीची सावली चार फूट आणि त्याच वेळी झाडाची सावली बत्तीस फूट असेल, तर झाड चाळीस फुटांचं. मग कागदावर घर, शेजाऱ्याची भिंत, विजेच्या तारा, बोअर, संडासाची टाकी आणि नळाची लाइन काढा आणि झाडाच्या उंचीएवढा गोल ओढा. त्या गोलात काय काय येतं आणि तिथे माणसं दिवसाचा किती वेळ असतात, यावर धोका ठरतो. नुसतं झाड मोठं आहे म्हणजे धोका आहे, असं होत नाही.

झाडाची तपासणी दोनदा करा, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळ्यात. माघ-फाल्गुनात कडुनिंब पानं गाळतो आणि उघडा-बोडका दिसतो. पिंपळाचंही तसंच. तेवढ्यावरून झाड वाळलं म्हणू नका. नखाने किंवा चाकूच्या टोकाने बारीक डहाळीची साल थोडी खरवडा: आत हिरवं आणि ओलसर दिसलं तर डहाळी जिवंत आहे. चैत्रात सगळं झाड पालवलं आणि एकच बाजू कोरडी राहिली, तर त्या बाजूची मुळं तुटलीत का ते शोधा. मागच्या दोन-तीन वर्षांत तिथून गटार गेलंय का, पाइपलाइनसाठी चारी खोदलीय का, हे घरातल्या जुन्या माणसांना विचारा. वादळात पडलेल्या पुष्कळ झाडांचं दुखणं त्या चारीत असतं आणि वर कुणाला काही दिसत नाही. काळी माती पावसाने भिजून मऊ झाली आणि एका बाजूची मुळं आधीच तुटलेली असली, की वाऱ्याला फार जोर लावावा लागत नाही.

बुंध्याभोवती पेव्हर ब्लॉक किंवा काँक्रीट अगदी सालीपर्यंत नेलेलं असेल तर आधी ते तीन-चार फूट मागे घ्या. बुंध्याभोवती माती चढवून पार बांधला असेल तर सालीजवळची माती काढून पाहा. साल मऊ पडलीय का, बुरशीची कडक कानासारखी छत्री बुंध्याच्या तळाशी आलीय का, हे बघायचं आहे. ती छत्री दिसली तर मुळाशी कूज आहे असं धरा आणि जाणकाराला बोलवा. उधईच्या मातीच्या रेघा दिसल्या तर लगेच घाबरू नका. ती बहुतेकदा मेलेलं लाकूड खात असते, झाडाचा जिवंत भाग नाही. लाकडी हातोड्याने बुंध्यावर खालपासून छातीपर्यंत गोलाकार ठोका. भरीव जागी आवाज टणक येतो, पोकळ जागी घुमतो. जिथे घुमतो तिथे खडूची खूण करा. पोकळ झाड म्हणजे पडणारं झाड, ही समजूत सोडून द्या. चोवीस इंच जाडीच्या बुंध्याला चारही बाजूंनी चार इंच निरोगी लाकूड उरलं असेल, तर सहसा तो वजन पेलतो. पोकळी एकाच बाजूला उघडी असेल आणि वरचा भार त्याच बाजूला झुकला असेल, तर मात्र हिशोब बदलतो. दोन जाड खोडं एकाच जागेवरून अरुंद खाचेत फुटली असतील आणि मध्ये साल दबलेली असेल, तर ती जागाही नीट बघा. मोठी झाडं तिथूनच उभी चिरतात.

जातीप्रमाणे वागणूक वेगळी. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. मुळं उथळ, लाकूड ठिसूळ, आणि वळवात त्याच्या फांद्या सर्वांत आधी तुटतात. तो घरावर झुकला असेल तर मी त्याच्या बाजूने फार भांडणार नाही. चिंच आणि कडुनिंब चिवट. पिंपळ आणि वड अंगणात उभे असणं वेगळं आणि भिंतीच्या सांध्यात उगवणं वेगळं. भिंतीतलं रोप वीतभर असतानाच मुळासकट काढावं.

भिंतीच्या भेगेबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण आपल्याकडे झाडं पाडण्याचं सर्वांत जास्त सांगितलं जाणारं कारण तेच आहे. तापी आणि गिरणेच्या काठची काळी माती उन्हाळ्यात आक्रसते, पावसाळ्यात फुगते. शेतात हात जाईल एवढ्या भेगा आपण दरवर्षी पाहतो, आणि तीच माती घराच्या पायाखालीही असते. अमळनेर तालुक्यात माझ्या मावशीच्या घरी मागच्या खोलीला भेग पडली आणि सगळ्यांनी लिंबाच्या मुळाकडे बोट दाखवलं. मावशीचा एकच सवाल होता: "आते आखाजीले झोका कोठे बांधसूत?" (आता अक्षय्य तृतीयेला झोका कुठे बांधायचा?) मग भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहिली. वैशाखात भेगेत रुपयाचं नाणं उभं जात होतं, भाद्रपदात ते अडू लागलं. भेग ऋतूप्रमाणे हलत होती. न्हाणीचं पाणी वर्षानुवर्षं पायाच्या एकाच कोपऱ्यात मुरत होतं आणि दुसरा कोपरा कोरडा राहत होता. पाणी नळीतून लांब काढलं, भेग बुजवली, झाड उभं आहे.

झाडाचा त्यात वाटा नसतोच असं नाही. मोठं झाड उन्हाळ्यात पायाजवळच्या मातीतलं पाणी ओढतं आणि आक्रसणं वाढवतं. पण याची दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते. झाड घरापेक्षा जुनं असेल आणि तुम्ही ते पाडलंत, तर जी माती इतकी वर्षं झाडामुळे कोरडी राहिली ती पुढच्या पावसाळ्यांत पाणी पिऊन फुगते आणि पाया वर उचलते. म्हणजे भेग बुजवायला झाड पाडलं आणि नवीन भेगा पडल्या, असंही घडू शकतं. काळ्या मातीवरच्या घरासाठी पाडण्याआधी एका स्ट्रक्चरल इंजिनिअरला भिंत दाखवा. पाइपांचंही तसंच: मुळं चांगला पाइप फोडून आत शिरत नाहीत, जिथे सांधा गळतो तिथे ओलीच्या वासाने जातात. सांधा बदला.

एवढं झाल्यावर बहुतेक झाडांचं काम छाटणीवर भागतं. ती छाटणी मात्र शेंडा उडवून करू नका. शेंडा उडवलेलं झाड तिथून झाडूसारखे पुष्कळ फुटवे काढतं, ते वरच्या वर चिकटलेले असतात आणि चार-पाच वर्षांनी तेच वादळात तुटतात. वाळलेल्या, एकमेकांवर घासणाऱ्या आणि छपरावर आलेल्या फांद्या काढा. एका वर्षात चौथ्या हिश्शापेक्षा जास्त पाला कमी करू नका. जाड फांदी तीन कापांत निघते: आधी खोडापासून हातभर लांब, खालच्या बाजूने थोडा काप, मग त्याच्या जरा पुढे वरून पूर्ण काप, म्हणजे फांदी सालीची पट्टी सोलत नेत नाही, शेवटी उरलेलं थोटूक, फांदीच्या मुळाशी जो फुगीर कडा असतो त्याच्या बाहेरून. तो कडा कापला तर जखम भरत नाही. डांबर, रंग काही लावू नका.

पाडायचंच ठरलं तर परवानगी आधी. जळगाव, धुळे महापालिका असो की नंदुरबार, शहादा, चोपडा, चाळीसगावची नगरपरिषद, तिथे महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे आणि अर्ज वृक्ष प्राधिकरणाच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे जातो. झाड स्वतःच्या जागेत आहे म्हणून सूट नाही. २०२१च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड पुरातन वृक्षात मोडतं, आणि पाडलेल्या झाडाचं जेवढं वय तेवढी नवी झाडं लावावी लागतात. अर्जासोबत जागेचा उतारा, घरपट्टीची पावती, चारही बाजूंचे फोटो आणि वर सांगितलेला नकाशा जोडा. कारण स्पष्ट लिहा. नुसतं 'धोकादायक' लिहिण्यापेक्षा 'बुंध्याच्या तळाशी कूज, घराकडे कल' असं लिहिलं तर पाहणीला येणाऱ्यालाही काय बघायचं ते कळतं.

खेड्यात १९६४चा झाडे तोडण्याचं नियमन करणारा कायदा पाहा. त्याच्या अनुसूचीत साग, चंदन, खैर, मोह, चिंच, आंबा, जांभूळ, फणस, हिरडा आणि आपल्या सातपुड्याचा अंजन ही झाडं आहेत. अंगणातली चिंच आपली म्हणून परस्पर तोडता येत नाही. तहसील किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन विचारा, आणि लाकूड गाडीने हलवायचं असेल तर वाहतूक पासाचंही तिथेच विचारा. धडगाव, अक्कलकुव्याकडे झाडाचा मालक आदिवासी असेल तर झाडांच्या विक्रीला १९६९चा वेगळा कायदा आहे.

अर्जाच्या काळात झाडावर कोण राहतं ते पाहून घ्या. सकाळी आणि संध्याकाळी अर्धा तास खाली बसा. ढोलीत पिंगळा किंवा पोपट असेल, शेंड्याला कावळ्याचं घरटं, उंच फांदीला आग्यामोहोळ. घरट्यात अंडी-पिल्लं असतील तर ती उडेपर्यंत थांबा. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे अंडी आणि घरटी उद्ध्वस्त करणं गुन्हा ठरू शकतो, आणि गुन्हा नसता तरी थांबायला हवंच होतं. मोहोळ असेल तर जाणकाराकडून आधी हलवा. फांदीवर चढलेल्या माणसावर आग्या माश्या उठल्या तर त्याला उतरायलाही वेळ मिळत नाही. काम पावसाळा सरल्यावर, कार्तिक ते माघ या कोरड्या महिन्यांत ठेवलं तर बरं.

मजुरांशी बोलणी तोंडी ठेवू नका. लाकूड कुणाचं, पालापाचोळा कोण नेणार, बुंधा जमिनीबरोबर कापायचा की उपटायचा, भिंत किंवा पत्रा फुटला तर कोण भरणार, हे एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. पुष्कळ जण लाकडाच्या बदल्यात फुकट पाडून देतो म्हणतात. त्याआधी वखारीत भाव विचारून घ्या. आणि फुकट काम करणारी टोळी दोर, हेल्मेट, कमरेचा पट्टा आणते का, माणसांचा विमा आहे का, हे विचारा. आपल्या अंगणात कुणाचा पाय मोडला तर ती आपलीही जबाबदारी आहे. तारा जवळ असतील तर महावितरणला आधी लेखी कळवून त्या दिवशी लाइन बंद करून घ्या. लाइनमन येऊन बंद झाली असं सांगेपर्यंत कुणी चढायचं नाही.

पाडण्याच्या दिवशी वारा सुटला तर काम थांबवा, मजुरी वाया गेली तरी चालेल. घरालगतचं झाड आडवं पाडत नाहीत. शेंड्यापासून एकेक तुकडा दोराला बांधून खाली सोडतात. मोकळ्या जागेत आडवं पाडायचं असेल तर झाडाच्या उंचीच्या दीडपट अंतरात मुलं, म्हातारी माणसं, गुरं, कुणी नको. शेजाऱ्यांना आदल्या संध्याकाळी घरी जाऊन सांगा.

बुंधा जेसीबीने उपटायचा मोह होतो. पण बुंधा पायापासून जवळ असेल तर तो उपटताना सोबत पायाखालची मातीही हलते. तिथे जमिनीलगत कापून सोडून द्या, आणि लिंब, पिंपळ किंवा सुबाभूळ असेल तर येणारे फुटवे दर महिन्याला खुडत राहा. खड्डा झालाच तर त्याच मातीने थर देऊन, धुम्मस करून भरा. मुरूम टाकलात तर पावसाचं पाणी तिथे साठतं. परवानगीचा कागद, फोटो आणि सह्यांचा करारनामा एका फाइलमध्ये ठेवा, आणि भिंतीवरच्या पेन्सिलीच्या रेघा पुढचे दोन-तीन पावसाळे तपासत राहा.

नवीन झाड जुन्या जागी लावू नका. पश्चिमेलाच लावा, पण भिंतीपासून वीस फुटांवर. एवढी जागा नसेल तर बहावा किंवा कांचन लावा. ही झाडं फार अंगावर येत नाहीत. खड्डा वैशाखात खणून उन्हात तापू द्या, रोप पहिला चांगला पाऊस झाल्यावर लावा, आणि दोन उन्हाळे आठवड्यातून दोनदा बुंध्यापासून हातभर लांब आळ्यात पाणी द्या.